इररिप्रेसिबल मानसीचा फ्लेक्स

तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. नुसत्या वाजवल्या नाहीत, तर शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना कोपराने ढोसून ‘माझी मुलगी’ असंही सांगितलं. पुढे जो घोळ झाला, त्याची सुरुवात या टाळ्यांपासूनच धरावी लागेल.

आमची मानसी अलिबागला एका इंग्रजी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. यंदा क्रीडादिनाला प्रमुख पाहुण्यांचं भाषण ऐन भरात आलेलं असताना माइक बंद पडला. मुलं मैदानभर पांगली आणि शिक्षक वायरमनला शोधायला पांगले. तेव्हा ही खुर्चीवर चढली आणि निव्वळ गळ्याच्या जोरावर तिने सगळी शाळा परत रांगेत आणली. पाहुणेही रांगेत उभे राहिले म्हणे. नंतरच्या समारंभात मुख्याध्यापिकाबाईंनी तिचं कौतुक केलं. बाई मुंबईच्या, इंग्रजी अगदी पाण्यासारखं. त्या हसत हसत म्हणाल्या, ‘अवर इररिप्रेसिबल मानसी!’ आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत माझं धोरण साधं आहे. शब्द लांब असेल आणि बोलणारा हसत असेल, तर तो चांगला. मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. सरकारी पत्रांतलं इंग्रजी मी कोळून प्यायलोय, पण तिथे माणसांना विशेषणं लावायची पद्धत नाही. तिथे माणूस एक तर ‘कन्सर्न्ड’ असतो, नाही तर ‘अबव्ह-मेन्शन्ड’. त्यामुळे इररिप्रेसिबलशी माझी गाठ पडायचं कारणच नव्हतं. गाठ पडली तीही मुलीच्या नावामागे, आणि बापाला अशा वेळी शब्दकोश सुचत नाही. बापाला फ्लेक्स सुचतो.

आमच्या भागात फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं कोणी मानत नाही. पोरगा पास झाला, फ्लेक्स. पुढारी निवडून आला, फ्लेक्स. पडला, तरी मतदारांचे आभार मानणारा फ्लेक्स. मी आजवर दुसऱ्यांच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या गर्दीत, पासपोर्ट फोटोएवढा उगवत आलो होतो. आता माझ्या घरचा फ्लेक्स लागणार होता. मी छाती काढून रेवदंड्याला हिरामणच्या दुकानात गेलो.

हिरामणच्या कॉम्प्युटरमध्ये विशेषणं तयार असतात. ‘साहेब, कार्यसम्राट टाकू? नाही तर धडाडीच्या? बायकांसाठी रणरागिणी फास्ट जाते.’

‘इररिप्रेसिबल,’ मी म्हणालो.

हिरामणने मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. त्याने आजवर असला माल छापला नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘भारी आहे. ह्याला लाल करतो आणि पिवळी बॉर्डर मारतो,’ तो म्हणाला. मग फोटोचा प्रश्न आला. मी मानसीचा पदवीदान समारंभातला, काळ्या झग्यातला, गंभीर फोटो दाखवला. हिरामणने माझ्या मोबाइलवर स्वतःच बोट फिरवत फिरवत दुसराच फोटो काढला. त्यात मानसी इतकी मोकळी हसत होती की तिची अक्कलदाढ मोजता आली असती. ‘हा फोटो जिता आहे,’ हिरामण म्हणाला. कलावंताशी वाद घालू नये म्हणून मी आगाऊ पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या नाक्यावर, विजेच्या खांबावर, मानसी लागली. ‘इररिप्रेसिबल मानसी हिचे हार्दिक अभिनंदन!’ मी कामावर जाताना एकदा आणि येताना एकदा, कारण नसताना खांबाखाली मोटारसायकल थांबवून टायरमधली हवा तपासली.

घरी पोचलो तर ओट्यावर धर्माजीदादा बसलेले. धर्माजीदादा आमचे शेजारी. एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ला देणं हा पूर्णवेळ व्यवसाय धरला आहे आणि त्यात त्यांना रविवारचीही सुटी नाही.

‘जय भीम, रत्नपाल,’ ते म्हणाले. ‘फ्लेक्स बघितला. छान झालाय. त्या शब्दाचा अर्थ काय?’

‘फार वरचा शब्द आहे, दादा,’ मी म्हणालो.

‘वरचा आहे हे दिसतंच. खांबावर आहे. अर्थ काय?’

मी बूट काढायला खाली वाकलो आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिलो. वर पाहिलं तेव्हा धर्माजीदादांनी खिशातून मोबाइल काढला होता. याचा अर्थ त्यांनी तो आधीच बघून ठेवला होता आणि प्रश्न केवळ माझी परीक्षा घ्यायला विचारला होता.

‘आवरता न येणारी,’ त्यांनी वाचलं. ‘दाबून ठेवता न येणारी. काबूत न राहणारी.’ मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘आता तूच सांग, माणसाला आवरत नाही ते काय काय असतं? शिंक असते. उचकी असते. खोकला असतो.’

त्याच्या पुढचंही ते सांगणार होते, पण मी हात वर करून त्यांना थांबवलं. का, तेही सांगायला हवं. येत्या रविवारी मानसीला बघायला पालीकडची मंडळी येणार होती.

हे स्थळ कोणी मध्यस्थाने आणलेलं नव्हतं. मानसीनेच आणलं होतं. मुलगा सनी, नागोठण्याजवळ कारखान्यात इलेक्ट्रिशियन. अलिबागला धावण्याची शर्यत होती, तिथे हा अर्ध्या रस्त्यात बसला. मागून आमची आली आणि ‘ऊठ रे, झोपायला आलास काय?’ म्हणून ओरडली. तो उठला आणि तिच्या पुढे पोचला. तेव्हापासून त्यांचं जमलेलं. सनीला आईवडील नाहीत. घरात काका भागोजी आणि आजी जनी, आणि शेवटचा शब्द आजीचा. सनीने मानसीला स्वच्छ सांगितलं होतं, ‘आजीच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. तिने मला वाढवलंय.’ आमची मुलगी कुणाला घाबरत नाही, ती या न पाहिलेल्या म्हातारीला घाबरून होती. आणि त्या म्हातारीच्या गाडीच्या वाटेवर, नाक्यावर, दहा फूट रुंद अक्षरांत मी जाहीर करून ठेवलं होतं की आमची मुलगी काबूत राहत नाही.

मी मराठीत या शब्दाची चांगली बाजू शोधायला लागलो. अदम्य म्हणावं, तर तो सैनिकांसाठी राखीव. अवखळ म्हणावं, तर तो ओढ्याला शोभतो, सव्वीस वर्षांच्या शिक्षिकेला नाही. बेलगाम म्हटलं की घोडा आठवतो, अनावर म्हटलं की गर्दी आणि लाठीमार. ‘उत्साही’ मला पटत होता, पण धर्माजीदादा म्हणाले, ‘उत्साही माणसाला बस म्हटलं की बसतो. हा शब्द न बसणाऱ्याचा आहे.’ या माणसाचा राग येतो तो याचसाठी, की अधूनमधून त्यांचं बरोबर असतं.

शेवटी धीर करून मी मुख्याध्यापिकाबाईंनाच फोन लावला. म्हटलं, ‘मॅडम, त्या दिवशी आपण मानसीला जो शब्द वापरला, तो चांगल्याच अर्थाने ना?’

बाई मनापासून हसल्या. ‘अहो, ऑफ कोर्स! शी इज इम्पॉसिबल!’

मी आभार मानून फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. एका शब्दाचा खुलासा मागायला गेलो, तर बाईंनी हातात दुसरा ठेवला होता.

‘अहो, काढून टाका ना मग फ्लेक्स,’ माझी बायको रचना म्हणाली. तिच्या बोलण्यात नेहमी असा एक सोपेपणा असतो, ज्यामुळे कार्यालयात काम करणाऱ्या माणसाचा अपमान होतो.

मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, ‘फ्लेक्स लावायची परवानगी महिनाअखेरपर्यंत आहे तुमची. काढायची परवानगी असा प्रकार नाही आमच्याकडे. मुदत संपली की आम्ही काढतो. आणि खांब आमचा नाही, विजेवाल्यांचा.’ मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘विजेच्या खांबावर फ्लेक्स लावायला बंदी आहे,’ ते म्हणाले, ‘म्हणजे कागदोपत्री तिथे फ्लेक्स नाही. जो नाहीच, तो आम्ही काढणार कसा?’ उत्तर इतकं पक्कं होतं की संकटात असूनही त्या खात्याला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली. मी स्वतः शिडी लावून चढावं, तर वर जिवंत तारा. मुलीचं लग्न व्हावं असं वाटत होतं, पण ते मला बघायलाही हवं होतं.

मग मी एक युक्ती केली. रचनाची जुनी चादर लांब बांबूने ढकलत ढकलत फ्लेक्सवर पांघरली. हिरामणने खालूनच दोऱ्या वरून पलीकडे फेकल्या, मी पलीकडे उभं राहून त्या ओढल्या, आणि शब्द, फोटो, सगळं झाकलं गेलं. लिहिलं होतं काय हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळायची सोय राहिली नाही. मी समाधानाने घरी येऊन आंघोळ केली.

मात्र आमच्याकडे फ्लेक्स झाकला जातो तो एकाच कारणासाठी, हे मी विसरलो होतो. निवडणूक आली, आचारसंहिता लागली की सरकारी माणसं येऊन पुढाऱ्यांचे फ्लेक्स कापडाने झाकतात. झाकलेला फ्लेक्स म्हणजे आचारसंहिता, आणि आचारसंहिता फक्त उमेदवाराला लागते. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं होतं की मानसी ग्रामपंचायतीला उभी राहते आहे. चहा पिता पिता दोन माणसं मला म्हणाली, ‘आमची मतं तुमच्याच घरात धरा.’ तिसऱ्याने वॉर्डातल्या गटाराचं बोलून घेतलं. उघडा होता तोवर फ्लेक्स चौघांनी पाहिला असेल. झाकल्यावर सगळा गाव त्याखाली उभा राहून काय लिहिलंय याची चर्चा करायला लागला, आणि धर्माजीदादा अर्थ सांगायला तिथे हजर होतेच.

मानसी शाळेतून आली ती हसतच. ‘पप्पा, नाक्यावर मला तिघांनी नमस्कार केला. उभी राहू का खरंच?’

‘तू बस,’ मी म्हणालो. ‘रविवारपर्यंत फक्त बस.’

आणि मग माजी सरपंच बाबाजी आले. पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल. ते बराच वेळ हवापाण्याचं बोलले. शेवटी म्हणाले, ‘रत्नपाल, आपन एका गावची मानसं. पोर नोकरीवाली, तिला ह्या चिखलात कशाला ओढतोस?’ मी शपथेवर सांगितलं की कोणी उभं राहत नाही. त्यांना ते पटलं नाही. उभा न राहणारा माणूसही असंच सांगतो आणि उभा राहणाराही असंच सांगतो, हे त्यांना अनुभवाने माहीत. ‘मंग फ्लेक्स उतरवू दे,’ ते म्हणाले. मी जागेवरून उठून त्यांचे हात धरले. माझ्या या आनंदाचा त्यांनी काय अर्थ लावला कोण जाणे, पण ते फार विचारात पडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजींच्या माणसाने कुठल्या तरी ओळखीने लाइन बंद करवली, फ्लेक्स उतरवला आणि घडी करून आमच्या पडवीत आणून टाकला. ग्रामपंचायतीला आणि वीज कार्यालयाला जे जमलं नव्हतं, ते भीतीने अर्ध्या तासात केलं. मी तो फ्लेक्स लाकडांच्या मागे ढकलला आणि कामावर गेलो. त्या दिवशी जेवलो नीट.

संध्याकाळी येताना नाक्याच्या अलीकडे, खाडीकडच्या वळणावर, मोटारसायकल माझ्या हातून आपोआप थांबली. रस्त्याला लागून मनुबाईचं मासळी सुकवायचं अंगण आहे. त्या अंगणात, जमिनीवर, आभाळाकडे तोंड करून मानसी हसत होती. तिच्या अंगभर जवळा पसरलेला होता.

खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्या किनाऱ्यावर उतरलेला फ्लेक्स कधी वाया जात नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावर जातो, होडीवर जातो, आणि चांगला जाड असेल तर मासळीखाली जातो. मोठमोठे लोक आमच्याकडे निवडणुकीनंतर बोंबिलांखाली झोपलेले असतात. मनुबाईने सकाळी ‘एकादा प्लास्टिक हाय का?’ विचारलं आणि रचनाने तो काढून दिला. तिच्या हिशेबी फ्लेक्स उतरला, म्हणजे विषय संपला.

‘मनुबाय, हा मला परत दे,’ मी म्हणालो. ‘रविवारी पाहुणे येणार याच रस्त्याने.’

मनुबाई खराट्याने जवळा हलवत होती. तिने वर बघितलं नाही. ‘वला जवळा हाय. उचलून ठेवू कुठं, तुज्या मांडीवर?’

‘निदान उलटा तरी घाल. चेहरा खाली.’

‘खालची बाजू काळी. तापते. जवळा करपला तर इकनार कोन? तू?’ मग ती थांबली. ‘आनि मी म्हनते, तुजीच पोर ना? एवरी ग्वाड हसते. मना दिवसभर सोबत होते तिची. तुला लाज कशाची वाटते?’

मी तिला शब्दाचं सांगितलं. तिने तो वाचायचा प्रयत्न केला नाही, पण शेवटी माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कणव आली असावी. ‘बरं, त्या आक्षरांवर जवळा दाट घालते,’ ती म्हणाली. रविवारी सकाळी मी जाऊन बघून आलो. तिने शब्द पाळला होता आणि माझाही शब्द गाडला होता. सगळी अक्षरं जवळ्याखाली गुडूप. उरलं होतं फक्त मानसीचं उघडं तोंड.

घरी येऊन मी मानसीला सूचना दिल्या. हळू बोलायचं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर. हसायचं झालं तर ओठ मिटून. शर्यतीचा विषय काढायचा नाही, खुर्चीवर चढल्याचा तर नाहीच. मला वाटलं ती भांडेल. मी भांडणाची सगळी तयारी ठेवली होती.

ती भांडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘मला तो हवाय, पप्पा. तुम्ही सांगाल तशी बसते.’

इतक्या हळू आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, पण पाहुण्यांची गाडी यायची वेळ झाली होती, म्हणून मी खुर्च्या मांडायला लागलो.

मंडळी आली. सनी चांगला उंच, पण त्या दिवशी दारात कपाळ आपटेल इतका घाबरलेला. काका भागोजी गोल, बोलके. आणि जनीआजी. एवढीशी, वाळलेली, नऊवारीतली बाई, पण खोलीत शिरली तेव्हा धर्माजीदादासुद्धा खुर्चीतून उठले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. ते कुठल्या कार्यक्रमाला बोलावण्यासाठी अडत नाहीत.

भागोजीकाका शेताचं बोलले. भात कापून झालंय, पेंढ्यांची उडवी रचून ठेवलीय, झोडणी राहिलीय, आणि रात्रीचं दव इतकं पडतं की सगळी उडवी ओली होते. मी दवाबद्दल जेवढं सहानुभूतीने बोलता येईल तेवढं बोललो. मग मानसी चहा घेऊन आली. एकही कप वाजला नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली, हात मांडीवर, नजर फरशीवर. सगळं मी सांगितलं होतं तसंच.

आजीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘बाय, तुला बरं न्हाय काय?’

‘बरं आहे,’ मानसी म्हणाली.

‘शाळंत पोरं दंगा करतात?’

‘नाही.’

‘करतात,’ धर्माजीदादा म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

सनीने काहीतरी विनोद केला. मानसीने ओठ मिटून हसायचा प्रयत्न केला आणि ते इतकं केविलवाणं दिसलं की सनीचाच चेहरा पडला. आजीने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

‘भागोजी,’ ती म्हणाली, ‘ही ती न्हाय.’

‘आई, तीच आहे,’ भागोजीकाका कुजबुजले.

‘न्हाय. पोराने मला मोबाइलात फोटू दावला व्हता, त्या खांबावरचा. मी म्हनलं, अशी हसनारी पोर घरात आली पायजे. सनीचा बा गेल्यापास्नं आमच्या घरात कुनी मोठ्यानं बोलत न्हाय. म्हनून मी गाडीत बसून इतक्या लांब आले, कंबर मोडून घेतली. ही तर मयताला बसल्यावानी बसली. गुनाची आसल, पन मला ती दुसरी पायजे.’

ज्या चेहऱ्यावर मी चादर घातली, जवळा घातला, तोच बघून ही म्हातारी आली होती. आणि मी तिच्यासमोर माझ्या मुलीची घडी करून ठेवली होती. सांगावं तरी कसं? ‘आजी, ती नेहमी अशी नसते, मी तिला अशी बसवली’ असं म्हणायचं? मी आजीचा कप उचलून उगाच ट्रेमध्ये ठेवला. मानसी फरशीकडेच बघत होती. तिच्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

तेवढ्यात बाहेर वारा पालटला. दुपारचा खाडीवरचा वारा आमच्याकडे सांगून येत नाही. दारं आपटली, कॅलेंडर उडालं, आणि रस्त्याच्या वळणावरून मनुबाईची आरोळी आली. ‘आरं धावा! माजा जवळा चालला! मानशे, कुठं हायस गो? मानशे!’

मानसीचं अख्खं अंग त्या हाकेसरशी उठल्यासारखं झालं, पण ती उठली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी. आमच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे परवानगीसाठी पाहिलं होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

‘बघतेस काय?’ मी ओरडलो. ‘पळ!’

ती दारातून कशी गेली ते कुणाला दिसलं नाही. ओढणी माझ्या खुर्चीत राहिली होती. ‘मनुमावशी, खालचा कोपरा धर! सनी, झोपलास काय, ये इकडे!’ हा आवाज माझ्या ओळखीचा होता. चिंचेवरचे सगळे कावळे एकदम उडाले. सनी खिडकीतूनच गेला असता, पण दार जवळ होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा फ्लेक्स रस्त्यावर उभा राहिला होता. अक्षरशः उभा. वाऱ्याने शिडासारखा फुगून तो माणसांच्या दिशेने चालत आला, जवळा सगळ्यांच्या डोक्यावर पाऊस पडावा तसा सांडला, आणि पालीच्या पाहुण्यांच्या गाडीला तो असा गुंडाळला गेला की काचेवर बरोबर मानसीचा चेहरा आणि बॉनेटवर लाल अक्षरं. पिवळ्या बॉर्डरसकट. एका टोकाला मानसी लोंबकळत होती, दुसऱ्या टोकाला सनी. मनुबाई सगळ्या जगाला उद्देशून शिव्या देत होती. आणि मानसी हसत होती, अक्कलदाढ दिसेपर्यंत. तिच्या केसांत जवळा होता.

भागोजीकाका चष्मा पुसून बॉनेटवरची अक्षरं वाचत होते. ‘इर... रिप्रेसिबल. हे काय असतं हो?’

धर्माजीदादांनी खिशात हात घातला. पण त्यांच्या आधी मी बोट दाखवलं. त्या दिवसांत मी मराठीतले झाडून सगळे शब्द पालथे घातले होते, आणि आता मला एकही लागला नाही.

‘ते,’ मी म्हणालो. ‘ते तिथे आहे ना, ते.’

जनीआजी ओट्याच्या पायरीवर काठी टेकून उभी होती. ती आधी गालात हसली, मग खळखळून हसली. बोळक्या तोंडाने, कशालाही न घाबरता. ‘हां,’ ती म्हणाली. ‘आत्ता आली बघ ही.’

नंतर परत चहा झाला. या वेळी कप वाजले. कोणी कुणाला काय विचारलं, सुपारी कधी, लग्न कुठे, ते मला नीट आठवत नाही, कारण मानसी शर्यतीची गोष्ट सांगत होती आणि आजी तिला ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत होती. निघताना आजी मला म्हणाली, ‘येवाई, येक मागू? तो कपडा आमाला द्या. उडवीवर टाकाया. दव लागतंय.’

‘आनि माजा जवळा?’ दारातून मनुबाई म्हणाली. मी तिला नवीन फ्लेक्स छापून द्यायचं कबूल केलं. मजकूर तोच ठेवायचा असंही तिने बजावलं.

सनीने आणि भागोजीकाकांनी फ्लेक्स गाडीच्या टपावर दोरीने बांधला. घडी नीट बसेना, म्हणून तसाच, चेहरा वर करून. गाडी नाक्यावरून वळली आणि साळावच्या पुलाच्या दिशेने निघाली. टपावरून आमची मानसी आभाळाकडे बघून हसत पालीला चालली होती आणि मागे जवळ्याचा वास राहिला होता.

रचनाने पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

‘अगं, वेडी का काय?’ मी म्हणालो. ‘पोर इथे मागे उभी आहे. नुसता फ्लेक्स चाललाय.’

आणि मग मलाही आवरेना.